पुन्हा शिकलेली विद्या : येहुदी मेन्युहिन

आपल्या स्मरणिकेत पाककृती, भरतकाम, सणावारांची माहिती आणि थोरांची चरित्रे येतात. चरित्रे बहुधा आपल्या ओळखीच्या माणसांची असतात. यंदा मी एका परदेशी व्हायोलिनवादकाविषयी लिहिणार आहे. पुष्कळ भगिनींनी त्यांचे नाव ऐकलेही नसेल. परंतु त्यांच्या वाजवत्या हाताला आपल्या पुण्यातील एका गुरूचा हात लागलेला आहे. तेव्हा ते आपल्याला अगदीच परके नाहीत.

मंडळाच्या योगासनांच्या वर्गात बाई अय्यंगार गुरुजींच्या पद्धतीने शिकवतात, हे आपण जाणताच. गुरुजींच्या शिष्यांची गोष्ट निघाली की येहुदी मेन्युहिन हे नाव त्यांच्या तोंडी हटकून येते. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. इंग्रजी पुस्तक मला वाचता येत नाही. मेन्युहिन यांचे आत्मचरित्र १९७७ साली निघाले. ते माझ्या मुलीने मला रोज थोडे थोडे वाचून त्याचा अर्थ सांगितला, आणि त्यांचे वादन तिच्या मोबाइलवर मी दुपारच्या निवांत वेळी ऐकत गेले. त्यातून जे कळले ते माझ्या भाषेत मांडते. संगीतातल्या बारकाव्यांवर मी अधिकाराने बोलू शकत नाही. पण एक गोष्ट मला फार मोलाची वाटली, आणि तीच सांगण्यासाठी हा लेख आहे. या माणसाला लहानपणी जी विद्या न शिकवता आली, ती पुढे हातातून निसटू लागली. तेव्हा त्याने प्रौढ वयात ती पहिल्यापासून शिकून घेतली.

मेन्युहिन यांचा जन्म २२ एप्रिल १९१६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. आईवडील रशियातून आलेले ज्यू. वडील मोशे हे हिब्रू भाषेचे शिक्षक होते. आईचे नाव मारुथा. मुलाचे नाव येहुदी ठेवले, त्याची हकीकत त्यांनी स्वतः सांगून ठेवली आहे. आई गरोदर असताना नवराबायको भाड्याचे घर शोधत होती. एका घरमालकिणीने घर दाखवले आणि आपण ज्यूंना जागा देत नाही, हे मोठ्या अभिमानाने सांगितले. आईने तिथेच ठरवले की होणाऱ्या मुलाचे नावच 'येहुदी', म्हणजे ज्यू, असे ठेवायचे. जगापासून काही लपवायचे नाही, असा त्या माउलीचा बाणा. जागा शोधताना जात विचारली जाण्याचा अनुभव आपल्याकडेही पुष्कळांना आहे. त्यामुळे ही गोष्ट समजायला परदेशी जावे लागत नाही.

येहुदी दोन वर्षांचा असताना हे कुटुंब सॅन फ्रान्सिस्को शहरी राहावयास गेले. मुलाला सांभाळायला माणूस ठेवण्याची ऐपत नव्हती, म्हणून आईवडील त्याला मांडीवर घेऊन दुपारच्या मैफलीला बसत. तिथल्या वाद्यवृंदात लुई पर्सिंगर नावाचे प्रमुख व्हायोलिनवादक होते. त्यांचे एकट्याचे वादन सुरू झाले की मूल कान टवकारून ऐके. चौथ्या वाढदिवसाला त्याने दोन वस्तू मागितल्या : एक व्हायोलिन, आणि शिकवायला पर्सिंगर! घरच्या एका स्नेह्याने कौतुकाने पत्र्याचे खेळण्यातले व्हायोलिन आणून दिले. ते गात नाही हे पाहताच पोराने ते रागाने टाकून दिले. पुढे आजीने पैसे पाठवले तेव्हा खरे व्हायोलिन आले. काही काळ दुसऱ्या शिक्षकांकडे शिकल्यावर पर्सिंगर यांनीही त्याला शिष्य म्हणून घेतले.

इथे व्हायोलिनविषयी दोन शब्द सांगते. आपल्याकडे हे वाद्य पुष्कळांनी आपलेसे केले. पंडित गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, पंडित वि. गो. जोग, पंडित डी. के. दातार ही नावे रेडिओ ऐकणाऱ्या घरांत माहीत आहेत, आणि मराठी गाण्यांतले प्रभाकर जोग यांचे व्हायोलिन तर सर्वांच्या कानांत आहे. आपले शास्त्रीय वादक मांडी घालून बसतात आणि वाद्याचे टोक पायावर टेकवतात; त्यामुळे वाद्याला बैठक मिळते. पाश्चात्त्य वादक उभा राहतो आणि वाद्य हनुवटी व खांदा यांच्यामध्ये धरतो. डाव्या हाताची बोटे तारांवर, उजव्या हातात गज. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. सूर कुठे आहे ते बोटाने अंदाजानेच गाठावे लागते. केसभर सरकले की बेसूर. आणि हे सगळे मान वाकडी करून, दोन्ही हात तासन् तास उचलून! शेजारणीशी पाच मिनिटे मान वाकडी करून फोनवर बोलले तरी आपला खांदा अवघडतो, त्यावरून कल्पना करावी.

एवढे कठीण वाद्य या मुलाला खेळण्यासारखे वश झाले. १९२४ साली, सात वर्षांचा असताना, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वाद्यवृंदाबरोबर वाजवू लागला. नोव्हेंबर १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याने बेथोव्हेन या थोर जर्मन रचनाकाराचा व्हायोलिन कन्चेर्टो वाजवला. कन्चेर्टो म्हणजे एका वादकाने पूर्ण वाद्यवृंदाच्या साथीने वाजवायची मोठी रचना. संचालक फ्रिट्झ बुश हे आधी तयारच नव्हते. अकरा वर्षांच्या पोराने एवढी प्रौढ रचना वाजवायची ही कल्पनाच त्यांना पटेना. वादन ऐकल्यावर मात्र ते वरमले. तारा सुरात लावण्याइतके बळ मुलाच्या बोटांत नव्हते, म्हणून वाद्यवृंदातल्या प्रमुख वादकाने त्या लावून दिल्या असे सांगतात. आणि मग त्या मुलाने जे वाजवले त्याने सारी सभा उभी राहिली.

एप्रिल १९२९ मध्ये बर्लिन शहरी त्याने एकाच रात्री बाख, बेथोव्हेन आणि ब्राह्म्स या तिघांचे कन्चेर्टो वाजवले. तेव्हा त्याला तेरावे लागून सरत आले होते. सभेत शास्त्रज्ञ आइन्स्टाइन होते. ते स्वतः व्हायोलिन वाजवीत. या मुलाचे वादन ऐकून देव आहे याची आपल्याला खात्री पटली, असे ते म्हणाल्याचे सांगतात. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हेन्री गोल्डमन नावाच्या धनिकाने त्याला स्ट्रॅडिव्हरी या इटलीच्या कारागिराने १७३३ साली घडवलेले व्हायोलिन भेट दिले. १९३२ साली इंग्लंडचे रचनाकार एल्गार यांनी पंचाहत्तराव्या वर्षी स्वतः वाद्यवृंद चालवून आपला कन्चेर्टो ध्वनिमुद्रित केला, तेव्हा व्हायोलिन वाजवायला सोळा वर्षांचा येहुदी होता. तालमीला बसलेल्या एल्गार यांनी थोडेसे ऐकले, सर्व ठीक आहे असे सांगितले आणि ते घोड्यांच्या शर्यती पाहायला निघून गेले! ते ध्वनिमुद्रण आजही लोक आवडीने ऐकतात.

शाळेच्या नावाने येहुदीचा हिशेब एका दिवसाचा. तो एकदाच शाळेत गेला आणि घरी आला. पुढे आईवडिलांनी त्याला आणि हेफ्झिबा व याल्टा या त्याच्या धाकट्या बहिणींना घरीच शिकवले. दोघी बहिणी उत्तम पियानो वाजवीत. आई शिस्तीची कडक होती. सारे घर मुलांच्या संगीताभोवती फिरत असे. मुलाच्या कमाईवर मोठी झालेली घरे आपण पाहतो. हे घर निदान मुलाला अखंड राबवीत नव्हते. वर्षाच्या मैफली मोजक्याच ठेवण्याकडे आईवडिलांचा कटाक्ष होता.

परंतु या कौतुकाच्या पुरात एका म्हाताऱ्याने खूण सांगून ठेवली होती. बेल्जियमचे यूजेन इझाये हे त्या काळचे महान वादक. पर्सिंगर यांचे ते गुरू. दहा वर्षांच्या येहुदीला त्यांच्याकडे नेले. मोठी रचना मुलाने झकास वाजवली. मग इझाये यांनी एक साधी गोष्ट सांगितली : एका स्वराचे आरोह-अवरोह चार सप्तकांत वाजव. ते मुलाला धड जमेना. म्हणजे आपल्याकडे एखाद्याने बडा ख्याल सुंदर गावा आणि अलंकार म्हणायला सांगितल्यावर अडखळावे, तसे झाले. इझाये यांनी एवढेच सुचवले की बाळ, या पाठांकडे लक्ष देशील तर बरे. मुलाने त्यांच्याकडे शिकायचे नाकारले आणि पॅरिसमध्ये जॉर्ज एनेस्कू या रुमानियन गुरूकडे गेला. एनेस्कू हे वादक, रचनाकार, संचालक असे सर्व काही होते. संगीत हे जगण्याशी कसे जोडलेले असते ते त्यांनी शिकवले, आणि मेन्युहिन त्यांना जन्मभर देवाच्या ठिकाणी मानत राहिले. पण हात कसा चालतो, हे मात्र शिकायचे राहूनच गेले.

भगिनींनो, एखाद्या हुशार सुगरणीला विचारावे की तुमची भाकरी अशी पातळ, न फाटता कशी होते? ती म्हणेल, त्यात काय, थापायची. पाणी किती, हात कुठे दाबायचा, परात केव्हा फिरवायची, हे तिला सांगता येत नाही. तिचा हातच जाणतो. सगळे ठीक चालते तोवर सांगायची गरजही नसते. पण मनगट दुखू लागले, की त्या हाताला कोण समजावणार? नवशिकीला निदान पहिला धडा आठवतो. हिला धडा कुठला तेच ठाऊक नसते. मेन्युहिन यांचे असेच झाले.

१९३५ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी जगाचा दौरा करून शंभराहून अधिक मैफली केल्या. मग वर्ष-दीड वर्ष मैफली बंद ठेवून ते कॅलिफोर्नियात राहिले. व्हायोलिन पेटीतच असे. तेव्हापासून आपण हे कसे वाजवतो, हा प्रश्न त्यांच्या मनात शिरला आणि ठाण मांडून बसला. १९३८ मध्ये त्यांनी नोला निकोलस या ऑस्ट्रेलियन मुलीशी लग्न केले. दोन मुले झाली. परंतु तो संसार टिकला नाही. १९४७ मध्ये डायना गूल्ड या नर्तकीशी त्यांचा दुसरा विवाह झाला व तो अखेरपर्यंत निभावला.

मधल्या काळात दुसरे महायुद्ध झाले. मेन्युहिन यांनी सैनिकांसाठी आणि युद्धपीडितांसाठी पाचशेच्या वर मैफली केल्या. कधी इस्पितळात, कधी तळावर, मिळेल त्या विमानाने जाऊन. रियाजाला वेळ नाही, झोपेचा पत्ता नाही. त्याच दिवसांत हंगेरीचे रचनाकार बार्टोक न्यूयॉर्कमध्ये आजारी आणि पैशाने गांजलेले होते. दान दिले तर मानी माणूस घेणार नाही, हे ओळखून मेन्युहिन यांनी त्यांना आपल्यासाठी एक रचना करायला सांगितली आणि तिचे मोल दिले. एकट्या व्हायोलिनसाठी केलेली ती रचना नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांनी प्रथम वाजवली. पुढल्याच वर्षी बार्टोक गेले.

१९४५ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतील बर्गन-बेल्झन ही छळछावणी मुक्त झाली. तिथे हजारो ज्यू आणि इतर कैदी उपासमारीने व रोगराईने मेले होते. त्याच जुलैमध्ये मेन्युहिन तिथे गेले. बरोबर पियानोवर इंग्लंडचे तरुण रचनाकार बेंजामिन ब्रिटन होते. समोर बसलेली माणसे म्हणजे हाडांचे सापळे, अंगावर मिळतील ते कपडे. ज्या नावापायी त्या माणसांची ही गत झाली, तेच नाव वाजवणाऱ्याच्या आईने त्याला अभिमानाने दिले होते. तो एकच समुद्रापलीकडे सुखरूप वाढला होता. मुलीने हे पान वाचले तेव्हा आम्ही दोघीही काही वेळ बोललो नाही.

दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, त्यांनी बर्लिनमध्ये फुर्टव्हेंगलर या जर्मन संचालकाबरोबर मैफल केली. नाझी राजवटीत फुर्टव्हेंगलर देश सोडून गेले नव्हते, म्हणून त्यांच्यावर लोकांचा रोष होता. चौकशीत ते निर्दोष ठरले होते. छावण्यांतून राहणाऱ्या ज्यूंनी मेन्युहिन यांच्या वादनावर बहिष्कार घातला. मेन्युहिन त्यांच्या छावणीत जाऊन त्यांच्यापुढे उभे राहिले आणि आपली बाजू त्यांनी सांगितली : सूड घेऊन जखम भरत नाही. आपल्या माणसांचा राग पत्करून परक्याच्या न्यायासाठी उभे राहणे किती अवघड असते, हे वाड्यात-चाळीत राहिलेल्या आपल्यासारख्यांनाही थोडे कळते. त्यांचे बरोबर होते की चूक, यावर मतभेद झाले. पण ते तोंड चुकवून गेले नाहीत.

याच सुमारास त्यांचा हात दगा देऊ लागला. उजव्या हातातला गज लांब, मंद स्वरावर स्थिर राहीना, थरथरू लागला. खांदे आखडत. काल सहज निघालेली जागा आज निघेना, आणि का निघत नाही ते कळेना. टीकाकारांच्या कानांना ते जाणवले. घरात बसून हळूहळू दुरुस्ती करावी अशी सोय नव्हती. पुढची मैफल परवावर आणि तिकिटे विकलेली! कौतुकाने चढलेल्या माणसाला या वयात एक सोपी वाट असते : दोष झाकावा, जुन्या नावावर दिवस काढावे. मेन्युहिन यांनी तसे केले नाही. पस्तिशीच्या आसपास त्यांनी स्वतःला पहिल्या इयत्तेत बसवले. गज कोणत्या बोटाने धरला जातो, अंगठा कुठे दाबतो, कोपर केव्हा उचलते, श्वास केव्हा अडतो, पायांवर भार कसा आहे. एकेक गोष्ट सुटी करून पाहिली. वाद्याशिवाय नुसता हात हलवून सराव केला. इझाये यांनी सुचवलेला अलंकारांचा पाठ पंचवीस वर्षांनी सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही.

१९५१ साली न्यूझीलंडच्या दौऱ्यात हाडवैद्यासारख्या एका चिकित्सकाकडे ते अंग दाखवायला गेले. बाहेर बसले असता तिथे योगासनांवरचे एक लहानसे पुस्तक हाती लागले. ते वाचून आपल्या आपणच ते आसने करू लागले. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून त्यांचे हिंदुस्थानात येणे झाले. इथल्या मैफलींचे उत्पन्न त्यांनी दुष्काळ-निवारणाच्या कामी दिले. दिल्लीत भोजनापूर्वी आसनांचा विषय निघाला आणि नेहरूंनी त्यांना शीर्षासन करून दाखवायला सांगितले. पाहुण्याने केले. मग पंतप्रधानांनी, असे नव्हे, असे म्हणून स्वतः करून दाखवले! ही बातमी वर्तमानपत्रांत आली आणि मेन्युहिन जातील तिथे योगी त्यांना भेटायला येऊ लागले.

मुंबईला त्यांच्याकडे पुण्याहून एक तरुण शिक्षक आले. त्यांचे नाव बी. के. एस. अय्यंगार. मूळचे कर्नाटकातील बेल्लूरचे. १९३७ पासून पुण्यात योग शिकवीत होते. पाहुणे दमलेले असल्याने भेटीला पाच मिनिटेच मिळतील असे सांगण्यात आले. अय्यंगारांनी त्यांना जमिनीवर निजवले, बोटांनी डोळे व कान हलकेच मिटवले, आणि ज्या माणसाला धड झोप येत नव्हती तो गाढ झोपी गेला. पाच मिनिटांची भेट कित्येक तासांची झाली. तिथून जी गुरु-शिष्याची गाठ पडली ती जन्मभर सुटली नाही. १९५४ मध्ये मेन्युहिन यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडमधील ग्श्टाड या गावी बोलावून घेतले. अय्यंगारांचा तो पहिला परदेशप्रवास. त्या वेळी दिलेल्या घड्याळावर मेन्युहिन यांनी कोरून घेतले की, माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षकास. ज्यांनी व्हायोलिन शिकवले नाही त्यांना ही पदवी! पण त्यात अतिशयोक्ती नव्हती. छाती मोकळी ठेवणे, खांदा खाली सोडणे, जिथे जोर नको तिथला जोर काढून घेणे, हे व्हायोलिनचेच धडे होते. अय्यंगारांचे इंग्रजी पुस्तक १९६६ मध्ये जगापुढे आले, त्याची प्रस्तावना मेन्युहिन यांची आहे. पुण्यातली ही पद्धत पुढे देशोदेशी गेली, तिचा पहिला दरवाजा या वादकाने उघडला.

हिंदुस्थानचे ऋण त्यांनी आणखी एका रीतीने फेडले. दिल्लीत रविशंकरांची सतार ऐकून ते आपल्या संगीताचे भक्त झाले. १९५५ मध्ये त्यांच्या निमंत्रणावरून अली अकबर खाँसाहेब सरोद घेऊन न्यूयॉर्कला गेले. बरोबर तबल्याला चतुरलाल होते. श्रोत्यांना रागसंगीत समजावून सांगण्याचे काम मेन्युहिन यांनी स्वतः केले. १९६६ मध्ये इंग्लंडच्या बाथ महोत्सवात ते रविशंकरांबरोबर वाजवायला बसले. तिलंग रागातल्या त्या रचनेचे स्वर त्यांना लिहून घ्यावे लागले होते, कारण आपल्यासारखी जागच्या जागी बढत करणे त्यांना येत नव्हते. पन्नाशीला आलेला, जगाने मान्य केलेला वादक मंचावर मांडी घालून दुसऱ्याच्या संगीतात विद्यार्थी होऊन बसला! त्या दोघांच्या ध्वनिमुद्रिकेला पुढे अमेरिकेचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

वादनाबरोबर त्यांनी वाद्यवृंद-संचालनाकडे लक्ष वळवले. संचालक स्वतः काही वाजवीत नाही. पन्नास-साठ, कधी शंभर वादकांपुढे छडी घेऊन उभे राहायचे, कोणी केव्हा यायचे, किती हळू, किती जोरात हे ठरवायचे, आणि सर्वांचा मिळून एक श्वास करायचा, हे त्याचे काम. मोठ्या लग्नघरी पंगत वेळेवर उठवणारी एखादी जाणती काकू असते ना, तिच्या हातात पळी नसली तरी स्वयंपाक तिच्यामुळेच होतो, तसेच हे! १९५९ ते १९६८ बाथ महोत्सव त्यांच्या नेतृत्वाखाली होता. तिथला वाद्यवृंद पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेला. ग्श्टाड येथे १९५७ पासून त्यांनी महोत्सव सुरू केला. १९८२ मध्ये ते लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे अध्यक्ष झाले. पोलंडच्या सिन्फोनिया वार्सोव्हिया या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी बेथोव्हेनच्या नऊही सिंफनी ध्वनिमुद्रित केल्या. १९८२ मध्ये बर्लिनच्या वाद्यवृंदाच्या शताब्दीला तर त्यांनी गमतीने शीर्षासन करून पायांनी संचालन केले. वय सहासष्ट! आमच्या वर्गातील भिंतीला टेकून शीर्षासन करणाऱ्या भगिनींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या सर्वांहून मला त्यांचे शिक्षकपण मोठे वाटते. १९४५ मध्ये मॉस्कोत गेले असता तिथली लहान मुलांची संगीतशाळा त्यांनी पाहिली होती. तसे काही आपणही करावे हा ध्यास धरून १९६३ मध्ये त्यांनी लंडनमध्ये शाळा काढली. पुढल्या वर्षी ती सरे परगण्यातील स्टोक डॅबर्नन या खेड्यात गेली. मोजकी मुले, तिथेच राहणारी. संगीताबरोबर इतर विषयही शिकणारी. वाद्य हातात घेण्यापूर्वी उभे कसे राहायचे, श्वास कसा घ्यायचा, हात सैल कसा सोडायचा हे ते शिकवत. जे त्यांना स्वतःला कोणी सांगितले नव्हते, तेच ते लेकरांना पहिल्या दिवशी सांगत. १९७१ मध्ये व्हायोलिनच्या सहा पाठांचे पुस्तक त्यांनी लिहिले. निजेल केनेडी, टॅस्मिन लिटल यांसारखे नामांकित वादक या शाळेत घडले. ज्याला सर्व काही आपोआप येते तो सहसा चांगला शिक्षक होत नाही. त्याला समोरच्याची अडचणच कळत नाही. मेन्युहिन यांना अडचण कळत होती, कारण ती त्यांच्या स्वतःच्या हातात होती.

१९७७ मध्ये त्यांनी 'लाइव्ह म्यूझिक नाऊ' ही संस्था काढली. तरुण वादकांनी इस्पितळे, वृद्धाश्रम, तुरुंग, अपंग मुलांच्या शाळा इथे जाऊन वाजवावे आणि त्याचे त्यांना मानधन मिळावे, असा तिचा परिपाठ. जे मैफलीला येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे मैफलीने जावे, हा धडा ते युद्धात शिकले होते.

एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. पुन्हा शिकून त्यांचा हात लहानपणीसारखा झाला का? जाणकार म्हणतात की नाही. नंतरच्या वादनात काही दिवस उत्तम असत, काही दिवस गज कापे, सूर हलके हुके. मुलीने मला सोळाव्या वर्षीचे आणि पन्नाशीतले असे दोन्ही ऐकवले. फरक मलाही कळला. पहिल्यात झऱ्याचे वाहणे आहे. दुसऱ्यात माणूस एकेक पाऊल जपून टाकत चढ चढतो आहे. पहिल्याने मन हरखते. दुसऱ्याने मला का कोण जाणे, धीर आला. म्हातारपणी त्यांनी व्हायोलिन खाली ठेवले आणि संचालन व शिकवणे चालू ठेवले. इंग्लंडने त्यांना नागरिकत्व, 'सर' आणि १९९३ मध्ये 'लॉर्ड' ही पदवी दिली. भारताने नेहरू पुरस्कार दिला. १२ मार्च १९९९ रोजी, दौऱ्यावर असतानाच, बर्लिन येथे वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्याच शाळेच्या आवारात, स्वतः लावलेल्या झाडाजवळ त्यांना मूठमाती देण्यात आली. अय्यंगार गुरुजी त्यांच्यामागे पंधरा वर्षे होते; २० ऑगस्ट २०१४ रोजी ते पुण्यात निवर्तले.

आता शेवटची गोष्ट. मंडळात पेटीचा वर्ग काढावा असे घाटत आहे. तो मुलांपुरताच ठेवावा, आपल्या वयात हात वळत नाहीत, फी फुकट जाते, असे काही भगिनींचे म्हणणे आहे. हे म्हणणे चुकीचे नाही. मुलांची बोटे आपल्यापेक्षा लवकर वळतील. आपल्याला जे येईल ते कदाचित थोडेच येईल. घरी हसतीलही. पण आपल्यापैकी कितीजणींची शाळा सातवीत, आठवीत सुटली, कारण धाकटी भावंडे होती, किंवा लग्न ठरले! शिकायचे वय म्हणून जे सांगतात ते आपल्या वाट्याला पुरते आलेच नाही. ज्याच्यापुढे सारे जग टाळ्या वाजवत होते, त्याला जर पस्तिशीत अलंकारापासून सुरुवात करायला लाज वाटली नाही, तर आपल्याला कसली वाटावी? आपल्याला तर गमवायला नावही नाही.

म्हणून माझी चालकभगिनींना विनंती आहे की वर्गाच्या दोन वेळा ठेवाव्या : संध्याकाळी मुलांसाठी, आणि दुपारी, जेवणे आटोपल्यावर, आपल्यासाठी. दुपारच्या यादीत पहिले नाव माझे लिहावे.